राहत नसल्याचा दाखला

ज्या माणसाला पत्ता नाही त्याने आजारी पडू नये, अशी शासनाची साधी अपेक्षा असते. ती कुठे लिहिलेली नाही, कारण समंजस माणसाला ती आपोआप कळते. ताप घराघरातून येतो, खोकला वाडीवाडीतून येतो आणि कागदावर त्यांची गाववार बेरीज होते. बेघराचा ताप कोणत्या गावात धरायचा? (आमच्या खात्यात आजारापेक्षा बेरीज चुकण्याला जास्त भितात, आणि ते योग्यच आहे. आजाराला निदान औषध असतं.)

मी महाडच्या एका सरकारी चाचणी केंद्रात नोंदणीच्या खिडकीवर बसतो. अकरा वर्षं झाली. इथे एच.आय.व्ही.ची तपासणी मोफत होते आणि गुप्तपणे होते. गुप्ततेच्या बाबतीत आम्ही फार काटेकोर आहोत. 'एच.आय.व्ही. तपासणी : संपूर्ण गोपनीय' असा बारा फुटी फलक दारावर आहे, लाल अक्षरांत, आणि तो रस्त्यापलीकडच्या रसवंतीत बसून चष्म्याशिवाय वाचता येतो. रसवंतीतली मंडळी तो वाचतात, आणि दारातून कोण आत शिरलं तेही बघतात. आत आल्यावर मात्र आम्ही कोणाचंही नाव घेत नाही, नंबर पुकारतो. हे काम आमचे शिपाई मालोजी यांच्याकडे आहे. "बारा नंबर!" अशी ते हाक देतात. दोनदा हाक देऊन कोणी उठलं नाही, तर काम अडू नये म्हणून तिसऱ्यांदा "अहो बारा नंबर, पिठाच्या गिरणीवाले!" अशी देतात. तिसऱ्या हाकेला माणूस हमखास उठतो. कधी कधी उठून तसाच घरी जातो.

माझ्याकडच्या फॉर्मला एकतीस रकाने आहेत. चौथा रकाना सध्याच्या पत्त्याचा, पाचवा कायमच्या पत्त्याचा, सहावा या दोन्हींच्या पुराव्याचा. रक्ताचा विषय एकोणतिसाव्या रकान्यात येतो. माणूस तिथपर्यंत टिकला तर.

शकू चौथ्या रकान्यात अडकली.

फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळी अकराच्या सुमाराला चाळिशीची एक बाई खिडकीशी आली. अंगाने काटकुळी, हातात प्लास्टिकची पिशवी, साडी जुनी पण धुतलेली.

"इथं रगत तपासतात ना, दादा?"

"तपासतात. नाव?"

"शकू."

"आडनाव?"

"सासरचं लिवताव का माहेरचं? दोनीकडचे नको बोलतात."

मी तो रकाना तात्पुरता मोकळा ठेवला. "पत्ता?"

"भाजी मार्केटची शेड हाय ना, तिथं. तिसऱ्या खांबापाशी."

"खांब हा पत्ता होत नाही, बाई."

"खांबाला आकडा हाय की. नगरपालिकेनं रंगवलाय. तीन."

खरं सांगायचं तर महाडमधल्या बऱ्याच बंगल्यांवर इतका स्पष्ट आकडा नाही. पण निवासस्थान म्हटलं की त्याला दार लागतं, आणि खांबाला दार नसतं. मी तिला तसं समजावून सांगितलं. तिलाही ते पटलं असावं, कारण ती दाराविषयी काही बोलली नाही. तिने आपली हकीकत सांगायला सुरुवात केली. फॉर्ममध्ये हकीकतीला जागा नाही, पण मागे रांग नव्हती म्हणून मी ऐकून घेतली.

तिचा नवरा मुरारी मुंबईत कापडाच्या गोदामात कामाला होता. गणपतीला आणि शिमग्याला घरी यायचा. घर पोलादपूर तालुक्यात, कापडे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत. दोन वर्षांपूर्वी तो खंगत गेला आणि मुंबईच्याच इस्पितळात वारला. तिथल्या डॉक्टरने दिराला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. दिराने ते आपल्या आईला, म्हणजे प्रयागबाईला सांगितलं. प्रयागबाईने कोणालाच सांगितलं नाही, त्यामुळे आठवड्याभरात सगळ्या वाडीला कळलं. एकट्या शकूला कोणी काही बोललं नाही.

"माझं ताट येगळं केलं," ती म्हणाली. "मग हांतरूण येगळं केलं. मग मलाच येगळं केलं. काय झालंय ते कोण बोलंना. शेवटी आमच्या शेडमधल्या चांगूनं सांगितलं, नवऱ्याला असा असा रोग असेल तर बायकोनं तपासून घ्यावं. तवा म्हटलं जाऊ. झालं असेल तर झालं बोला, नाय तर नाय बोला. पण ह्या अधेमधे लटकून रोज मरायचा कंटाळा आला, दादा."

तिचं म्हणणं रास्त होतं. मी तिला रास्त सल्ला दिला : सासरच्या गावी जा, ग्रामसेवकांकडून रहिवासी दाखला आण, मग लगेच तपासणी करू. तिने मला हात जोडले. अशी माणसं लगेच हात जोडतात. आमच्या नोकरीत समाधान मिळतं ते यामुळे.

ग्रामसेवक मंगळवारी आणि शुक्रवारी गावात बसतात. त्या काळात मंगळवारी आणि शुक्रवारी तालुक्याला बैठका होत्या. शकूच्या तीन खेपा फुकट गेल्या, चौथ्या खेपेला ते भेटले. ग्रामसेवक सचोटीचे. शहानिशा केल्याशिवाय कागद न देणारे. त्यांनी प्रयागबाईला बोलावून विचारलं, ही बाई इथे राहते का? प्रयागबाई शकूच्या तोंडावर म्हणाली, "नाय. ही हितं राहत नाय. हिचं हितं काय नाय."

मग ग्रामसेवकांनी खरं तेच लिहिलं. शकूला वाचता येत नव्हतं. शिक्का मारलेला कागद तिने घडी न करता, दोन्ही हातांत धरून एस.टी.तून आणला आणि माझ्या खिडकीत ठेवला.

"घ्या दादा. दाखला."

मी वाचला. 'दाखला देण्यात येतो की, सदर महिला या गावात राहत नाही. अर्जदाराच्या विनंतीवरून दिला असे.' सही, शिक्का, तारीख, जावक क्रमांक, सगळं जागच्या जागी. अकरा वर्षांत मी हजारो रहिवासी दाखले पाहिले. त्यातले निम्मे खोटे असतात. हा एक शंभर टक्के खरा होता, आणि नेमका तोच चालणारा नव्हता.

मी तिला वाचून दाखवला. तिने कागद पुन्हा दोन्ही हातांत घेतला.

"म्हंजे मी कुठं राहत नाय ते सरकारला ठावं हाय," ती म्हणाली. "कुठं राहते ते ठावं नाय."

"अगदी बरोबर," मी म्हणालो. इतकं चटकन समजणारे अर्जदार कमी.

मध्ये एकदा मार्चमध्ये, दाखला मिळण्याआधीच, ती विचारायला आली होती, तेव्हा केंद्र बंद होतं. चवदार तळ्यावर कार्यक्रम होता आणि आम्हा सगळ्यांना तिथे हजर राहण्याचा आदेश होता. आमच्या साहेबांचं भाषण फार चांगलं झालं. जे सार्वजनिक आहे ते सर्वांना खुलं असलंच पाहिजे, त्यासाठी कोणालाही हात पसरावे लागू नयेत, असं ते म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या. शकू केंद्राच्या बंद दारापाशी दुपारपर्यंत बसून होती, असं रसवंतीवाल्याने नंतर सांगितलं.

दाखल्यानंतर ती महिन्यातून एकदा यायची. खिडकीशी येऊन फक्त विचारायची, "काय बदललं का, दादा?" मी म्हणायचो, नाही. ती जायची. ती बाजारातल्या एका खाणावळीत भांडी घासत होती. पावसाळ्यात तिला खोकला लागला. गिऱ्हाइकांना बरं दिसत नाही म्हणून मालकाने तिला काढून टाकलं. दिवाळीच्या सुमाराला ती खिडकीशी आली तेव्हा दोन्ही हातांनी गज धरून उभी होती. मी नजर फॉर्मवर ठेवली. खिडकीच्या कामात नजर फॉर्मवर ठेवणं महत्त्वाचं असतं.

नोव्हेंबरात वरून पत्र आलं. एक डिसेंबरच्या जागतिक एड्स दिनानिमित्त प्रत्येक केंद्राने बेघर आणि जोखमीच्या गटातील किमान पन्नास व्यक्तींची तपासणी करावी, छायाचित्रांसह अहवाल पाठवावा. साहेब चिंतेत पडले. पत्ता असलेले पन्नास बेघर आणायचे कुठून? त्यांनी बैठक घेतली. दोन तास चर्चा झाली, चहा दोनदा झाला, आणि साहेबांनी एक व्याख्या केली, जिला मी आजही तोड नाही असं मानतो. ते म्हणाले, "बेघर म्हणजे जो त्या वेळी घरी नाही तो."

मग अडचण उरली नाही. कॉलेजातून चौतीस विद्यार्थी आले, एस.टी.चे नऊ चालक-वाहक आले, उरलेले सात मंडपवाल्याकडचे. तपासणीच्या वेळी यांपैकी एकही जण घरी नव्हता, याची मी स्वतः खात्री केली. सगळ्यांकडे आधार कार्ड होतं. असे शिस्तीचे बेघर जिल्ह्यात दुसरीकडे कुठे मिळाले नसतील.

शिबिराच्या दिवशी सभागृहाच्या दारात शकू आली. सोबत चांगू होता. हा माणूस पावसाळ्यात छत्र्या दुरुस्त करतो आणि उरलेले आठ महिने कुलपं. शेडमध्ये चौथ्या खांबापाशी राहतो.

"सायेब," चांगू म्हणाला, "बेघर पायजेत असं भोंग्यावर ओरडत होते. आमी दोघं हाव."

साहेबांनी दोघांकडे पाहिलं. "बेघर असल्याचा काही पुरावा?"

चांगू गडबडला. पण शकूने पिशवीतून कागद काढला. आठ महिने तिने तो जपला होता. साहेबांनी तो वाचला, उलटा करून पाहिला, परत वाचला.

"यावरून तुम्ही त्या गावात राहत नाही एवढंच सिद्ध होतं," ते म्हणाले. "दुसऱ्या गावात राहत असाल."

तर्काला खोट काढायला जागा नव्हती. शकू बेघर आहे असं ठरायला ती प्रत्येक गावात राहत नाही असा दाखला हवा. महाड आणि पोलादपूर मिळून गावं धरली अडीचशे. एका दाखल्याला तिला चार खेपा आणि दोन महिने लागले होते. मी तिथल्या तिथे हिशेब केला : पाचशे महिने. पावसाळ्याचे चार महिने डोंगरातले रस्ते धड नसतात ते वगळले, तर बासष्ट वर्षं. म्हणजे शकू एकशे दोन वर्षांची झाली की तिची तपासणी विनाअडथळा करता येईल. मी तिला हे सांगितलं. माणसाला निश्चित कालावधी कळला की बरं वाटतं.

चांगू हसला. शकू हसली नाही. ती सभागृहाच्या पायरीवर खाली बसली आणि खोकू लागली. खोकला थांबेपर्यंत फोटोवाल्यालाही थांबावं लागलं, कारण ती बॅनरच्या समोर येत होती.

तेवढ्यात श्रुतिका बाहेर आली. ही आमच्याकडे समुपदेशक म्हणून नवीन लागलेली मुलगी. रुजू होऊन चार दिवस झाले होते, त्यामुळे कामाची पद्धत तिला माहीत नव्हती. तिने हातातला चहा शकूला दिला आणि तिच्या शेजारी पायरीवर बसली. (आमच्याकडे समुपदेशन टेबलापलीकडून करतात.) दोघी बराच वेळ बोलत होत्या. मग श्रुतिका उठून माझ्याकडे आली.

"पत्त्याशिवाय तपासणी करायची नाही, हा नियम कुठे आहे?"

"असतोच," मी म्हणालो.

"पण कुठे? मला दाखवा ना."

अकरा वर्षांत मला कोणी नियम दाखवायला सांगितलं नव्हतं. नियम हा काही दाखवायचा पदार्थ नाही. पण ती ऐकेना. आम्ही केंद्रात परत आलो, शकू आणि चांगू मागोमाग. श्रुतिकाने दोन कपाटं उपसली, फायली खाली घेतल्या. शेवटी माझ्या खुर्चीमागचं बँकेचं कॅलेंडर तिने काढलं. त्याच्या मागे भिंतीवर एक परिपत्रक होतं. खराब होऊ नये म्हणून प्लास्टिकमध्ये घातलेलं, फाटू नये म्हणून चार कोपऱ्यांना खिळे मारलेलं आणि ऊन लागू नये म्हणून कॅलेंडरने झाकलेलं. त्यात लिहिलं होतं : 'ओळखपत्र अथवा पत्त्याच्या पुराव्याअभावी कोणासही चाचणी नाकारू नये.' तारीख नऊ वर्षांपूर्वीची. खाली 'वाचले' असा शेरा आणि माझी सही.

सही चांगली आली होती. तेव्हा माझा हात जास्त वळणदार होता.

श्रुतिकाने शकूला आत नेलं, समजावून सांगितलं, संमती घेतली, तंत्रज्ञाने रक्त घेतलं. फॉर्मही तिनेच भरला. मग निकालाची वाट बघायची होती. शकू बाकावर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. मालोजींनी तिला न विचारता पाणी आणून दिलं. ते का दिलं असं मी नंतर विचारलं, तर म्हणाले, "बाई थरथरत होती हो."

चांगूला नुसतं बसवेना. समुपदेशन कक्षाच्या दाराची कडी सहा वर्षांपासून मोडलेली. दार वीतभर उघडंच राहायचं. त्याबद्दल आम्ही वर तीन पत्रं पाठवली होती आणि दोन स्मरणपत्रं. चांगूने खिशातून पक्कड काढली आणि दहा मिनिटांत कडी बसवली. कोणाची मंजुरी घेतली नाही की पावती मागितली नाही. याला अज्ञान म्हणतात.

निकाल आला. श्रुतिका शकूला घेऊन आत गेली आणि दार लागलं. पूर्ण लागलं. आमच्या केंद्रात खरोखरच गोपनीय असं काही घडण्याची ती पहिली वेळ. मला बाहेर एक अक्षर ऐकू आलं नाही, आणि खरं सांगतो, मला ते जड गेलं.

अर्ध्या तासाने शकू बाहेर आली. डोळे पुसलेले होते. ती सरळ माझ्या खिडकीशी आली.

"निघालं, दादा," ती म्हणाली. "हाय."

मी फॉर्मवर याला जागा शोधली. रकाना नव्हता.

"ताई बोलली, गोळी हाय. रोज घ्यायची, फुकट भेटते. घेतली की माणूस पोटभर जगतो. मग मुरारीला कोणी दिली नाय? त्यानं वेळेवर तपासलंच नाय." तिने पिशवी खिडकीत ठेवली. "आणि मी फेब्रुवारीत आल्ते, दादा. तवा माझ्या अंगात ताकद व्हती. खोकला नव्हता."

"हो," मी म्हणालो. "नोंद आहे."

नोंद नव्हती. ज्यांना परत पाठवतो त्यांची नोंद कुठे करायची याची सोय फॉर्ममध्ये नाही. त्यामुळेच आमच्या केंद्राने आजवर एकाही माणसाला परत पाठवलेलं नाही. दरवर्षी अहवालात मी तसं लिहितो.

शकूचं औषध सुरू झालं. खोकला क्षयाचा निघाला, त्याचंही औषध सुरू झालं. पहिला महिना तिला फार मळमळायचं. चांगू रोज सकाळी पेज आणून द्यायचा आणि गोळी गिळेपर्यंत समोर बसून राहायचा. शिमग्यापर्यंत तिच्या अंगावर मांस दिसायला लागलं. पावसाआधी तिला दुसऱ्या खाणावळीत भाकऱ्या थापायचं काम मिळालं. वाडीवरून कोणी आलं नाही. ती एकदा वर जाऊन आली, एवढं मला ठाऊक आहे. प्रयागबाईला औषधाचं सांगितलं का, असं श्रुतिकाने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "सांगितलं. म्हटलं, तुझ्या लेकाला वेळेवर भेटली असती तर आज असता. म्हातारी पदरात तोंड घालून रडली. मग मला चा दिला. कपात दिला, तिच्याच."

मग शकूने एक उद्योग आरंभला. शेडमधली माणसं ती तपासणीला आणू लागली. पहिल्या आठवड्यात चांगूसह नऊ आणली. ही माणसं खरोखर बेघर होती, आणि त्यामुळेच साहेब नाराज झाले. बेघरांचं वर्षाचं उद्दिष्ट डिसेंबरातच पुरं झालं होतं. उद्दिष्टापेक्षा बेघर जास्त भरले तर वरून विचारणा होते, की आधीचे पन्नास कोण होते.

तरी श्रुतिकाने नऊ जणांना बाकावर बसवलं. ती माणसं घाबरली होती. सुईला नव्हे, निकालाला. तेव्हा ती सहज म्हणाली, "आधी आपल्या स्टाफने करून घेऊ या का? यांना धीर येईल."

सूचना उत्तम होती. सर्वांनी तिचं स्वागत केलं. साहेबांना तेवढ्यात अलिबागहून फोन येणार असल्याचं आठवलं. तंत्रज्ञ म्हणाला, स्वतःचं रक्त स्वतः तपासणं निष्पक्ष ठरणार नाही. मालोजी म्हणाले, "माझं लगीन होऊन तीस वर्षं झाली." याचा तपासणीशी संबंध काय ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. मी म्हणालो, खिडकी मोकळी सोडता येत नाही.

शकू बाकापाशी उभी होती. ती माझ्याकडे वळली.

"दादा, तुमचं कधी झालंय?"

"माझं? माझ्याकडे सगळे कागद आहेत."

"कागदाचं नाय इचारलं."

मी नजर फॉर्मवर ठेवली. चांगू उठला, "चल गो, मी जातो पयला," म्हणाला आणि बाही वर करून आत गेला. बाकीचे आठ त्याच्यामागे गेले. मी अजून विचार करतो आहे. घाईने करण्याची ही गोष्ट नव्हे.

आता तुम्ही. आमच्यावर हसून झालं असेल तर एक सांगतो. केंद्राचा फोन माझ्याच टेबलावर असतो. ते कॅलेंडर उतरल्यापासून त्यावर दोनशे चौदा जणांनी चौकशी केली. सगळे चांगल्या घरचे, शिकलेले, बोलण्यावरून कळतं. आणि दोनशे चौदाही जण एका मित्रासाठी विचारत होते. मित्राला रिपोर्ट किती वेळात मिळतो? मित्राचं लग्न ठरलंय, आधी केलेलं बरं का? मित्र फार वर्षांपूर्वी एकदाच, तोही बाहेरगावी असताना, तर त्याने काळजी करावी का? दुसऱ्यासाठी इतका जीव टाकणारी माणसं या तालुक्यात राहतात, याचा मला अभिमान वाटतो. मी प्रत्येकाला एकच सांगितलं : पत्ता लागत नाही, पुरावा लागत नाही, फक्त मित्राला स्वतः यावं लागतं. त्यातले तीन आले. उरलेले दोनशे अकरा ठणठणीत असतील असं मी धरून चालतो.

तुमचा मित्र कसा आहे?